घसरगुंडीवर मुलीला मांडीत घेऊ की नको?

प्रश्न : ताई, आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, गावात नगरपालिकेची एकच बाग. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दोनची. ती घसरगुंडीला घाबरते म्हणून मी तिला मांडीत घेऊन घसरते, सासूबाईपण म्हणतात हेच सेफ. पण शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या असं करू नकोस, पाय मोडेल. खरंय का? शिवाय उन्हाळ्यात पत्रा भयंकर तापतो, झोक्यांवर आठवी-नववीची पोरं ठाण मांडून असतात आणि एका झोक्याची साखळी झिजलीय.

उत्तर : नर्सबाईंचं ऐका, अगदी खरंय. म्हणजे बघा, दोन वर्षांचं पोर एकटं घसरलं आणि त्याचा बूट कडेला अडकला तर ते दहा-बारा किलोचं पोर तिथंच थांबतं, फार तर भोकाड पसरतं. मांडीत असलं की पाय अडकतो पण मागून तुमचं पन्नास-साठ किलो वजन खाली येतच राहतं आणि नडगीचं हाड पिळवटतं, रबरी सोलचे बूट असतील तर अजूनच पटकन अडकतं. या वयात नडगी अशी मोडली तर बाहेरून कधीकधी काहीच दिसत नाही, सूजपण नाही, मूल नुसतं पाय टेकवत नाही, मग घरात कुणीतरी म्हणतंच की मुरगळला असेल, तेल चोळा. चोळू नका, डॉक्टरांना दाखवा, एक्सरे लागू शकतो. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगू नका हं, "डॉक्टर म्हणाले" म्हणा, लगेच पटतं.

तिला छोट्याच घसरगुंडीवर न्या, बाजूला उभं राहून तिच्या काखेत हात घालून धरा आणि हळूहळू खाली आणा. घाबरत असेल तर राहू दे की, काय बिघडतंय! पत्र्याला आधी तुमच्या हाताची पालथी बाजू लावून बघा, चटका बसला तर तिला बसवूच नका. प्लास्टिकची घसरगुंडीही उन्हात तापते बरं का. मे महिन्यात सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावरच जा. आणि गळ्यातला ताईत, काळा दोरा, टोपीची नाडी घरीच काढून ठेवा, हे कुठंतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो.

त्या पोरांवर डाफरू नका. "दादा, हिला जरा बसू दे ना" म्हटलं की बहुतेक पोरं उठतात, एखादा नाही उठत, त्याच्या नादी लागू नका. चालत्या झोक्याच्या पुढून-मागून मात्र मुलीला जाऊ देऊ नका, पाट नेमका तिच्या डोक्याच्या उंचीला येतो.

साखळीचा फोटो काढा, मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहून बागेतल्या चार-पाच आयांच्या सह्या घ्या, तो आवक विभागात द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. नुसतं तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्या झोक्यावर मुलाला बसू देऊ नका, कितीही रडला तरी.