शून्य टक्के बॅलन्स ट्रान्सफर कार्ड घेऊन दोन क्रेडिट कार्डांची थकबाकी फेडावी का?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: राहायला नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबड एमआयडीसीत, हातात पगार ४२,०००. एका क्रेडिट कार्डावर ९०,००० आणि दुसऱ्यावर ५०,००० थकलेत. दर महिन्याला मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरताय, तरी आकडा हलत नाही. घरखर्च जाऊन फार तर १४,००० काढता येतात. आता एका बँकेचा माणूस म्हणतोय, आमचं नवीन कार्ड घ्या, दोन्ही थकबाक्या शून्य टक्क्यानं त्यावर वळवून देतो. घ्यावं का?

पूर्ण १,४०,००० साठी घेऊ नका. ५०,००० वाल्या कार्डापुरतं घेता येईल, पण पुढच्या दोन महिन्यांत एकरकमी पैसा नक्की हातात येणार असेल तरच. का ते आकड्यांनीच सांगतो.

आधी थकबाकी हलत का नाही ते बघा. दोन्ही कार्डांचा दर महिना ३.५ टक्के धरू. बहुतेक कार्डांचा तेवढाच किंवा थोडा जास्त असतो. १,४०,००० वर महिन्याचं व्याज ४,९००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८८२. एकूण ५,७८२. मिनिमम ड्यू ५ टक्क्यांप्रमाणे ७,०००. तुम्ही ७,००० भरता त्यातले जेमतेम १,२०० मुद्दलात जातात. त्यात थकबाकी असताना कार्डावर किराणा किंवा पेट्रोल टाकलं, तर त्या नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. म्हणून तो १,२०० चा फायदाही दिसत नाही. आजच दोन्ही कार्डं पाकिटातून काढून ठेवा, पेट्रोल पंपाच्या आणि ऑनलाइन खरेदीच्या ॲपमधून त्यांचे नंबर काढून टाका. पुढचे सगळे हिशेब या एका गोष्टीवर उभे आहेत.

आता शून्य टक्क्याबद्दल. ब्रिटन-अमेरिकेतले व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. तिथं १२ ते २१ महिने बिनव्याजी देणारी कार्डं मिळतात, वर ३ ते ५ टक्के फी. तेवढ्या मुदतीत माणूस खरंच कर्ज फेडू शकतो. आपल्याकडे शून्य टक्क्याची मुदत साधारण ६० दिवसांची असते, क्वचित ९०. त्यावर एकदाच प्रोसेसिंग फी. ती २ टक्के धरली तर जीएसटीसह २.३६ टक्के होते. ६० दिवसांना २.३६, म्हणजे वर्षाला १४ टक्क्यांच्या वर. साध्या पर्सनल लोनचा दर हाच आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या रूपात ग्राहकाकडून घेतलं जातं. तेव्हा माणूस 'शून्य' म्हणाला की फी किती आणि दिवस किती, एवढंच विचारा आणि वर्षाचा दर स्वतः काढा.

दुसरी अडचण लिमिटची. ४२,००० पगारावर, आधीची दोन कार्डं जवळपास भरलेली असताना, नवीन कार्डाला ८०,००० लिमिट मिळालं तरी बरं समजा. बॅलन्स ट्रान्सफर लिमिटच्या ७५ टक्क्यांपर्यंतच होतं असं धरून चाला. म्हणजे ६०,०००. 'दोन्ही थकबाक्या वळवतो' हे त्या माणसाचं बोलणं इथंच अडतं. आणि कार्ड हातात आल्या दिवसापासून ही सोय सुरू होईलच असं नाही, हेही त्याला आधी विचारा.

समजा ५०,००० वळवले. फी १,००० अधिक जीएसटी १८०, एकूण १,१८०. तुमच्या १४,००० पैकी ९०,००० वाल्या कार्डाचा मिनिमम ४,५०० गेला, राहिले ९,५००. ते दोन महिने नवीन कार्डात भरले की ५०,००० चे ३१,००० राहतात. व्याज वाचलं साधारण ३,८००, फी वजा जाता हातात फायदा २,६०० च्या आसपास. आणि ६१ व्या दिवसापासून त्याच ३१,००० ला परत महिना साडेतीन टक्के सुरू. शिवाय आता दोनाची तीन कार्डं झाली.

मात्र दिवाळीचा बोनस, भिशीची उचल, मुदत संपणारी एफडी असं काही या ६० दिवसांत येणार असेल आणि त्यातून राहिलेले ३१,००० एकदम भरता येणार असतील, तर हे दोन महिने उपयोगाचे आहेत. गावाकडे निफाड-दिंडोरीला घरची द्राक्षबाग असेल आणि त्या पैशावर भिस्त असेल तर थांबा. माल गेल्यावर व्यापाऱ्याचा पैसा ठरल्या तारखेला येईलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि बँक एक दिवसही जास्त देत नाही.

दोन महिने पुरत नाहीत म्हटलं की तोच माणूस दुसरा पर्याय पुढे करेल: ६ किंवा १२ महिन्यांचे हप्ते, 'फक्त १ टक्का महिना'. इथं विचारायचं, व्याज फ्लॅट (सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर) की रिड्यूसिंग (उरलेल्या मुद्दलावर)? फ्लॅट असेल तर १ लाखावर वर्षाचं व्याज १२,००० आणि हप्ता ९,३३३. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर घेतलं जातं, त्यामुळे खरा दर २१.५ टक्क्यांच्या आसपास जातो. कार्डावरच्या हप्त्यांच्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. तो धरला की दर २५ पर्यंत पोचतो, फी वेगळीच. पर्सनल लोन, सोसायटीचं कर्ज, सोनेतारण यांच्या व्याजावर जीएसटी नाही. कार्ड आणि कर्ज यांच्या दरांची तुलना करताना हा फरक हमखास सुटतो. कार्डाचा १८ टक्के म्हणजे प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या वर.

मग तुम्ही काय करावं? माझ्या मते क्रम असा ठेवा. घरात कुठंही एफडी असेल तर ती मोडा. एफडीवर ७ टक्के मिळवत कार्डाला महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के भरणं परवडत नाही. मोडवत नसेल तर तिच्यावर कर्ज काढा, दर एफडीच्या व्याजापेक्षा १-२ टक्केच जास्त असतो. एलआयसीची जुनी पारंपरिक पॉलिसी असेल तर तिच्या सरेंडर व्हॅल्यूवरही (पॉलिसी मधेच बंद केल्यास मिळणाऱ्या रकमेवर) कर्ज मिळतं.

त्यानंतर तुमच्या कंपनीची पगारदार पतसंस्था. अंबड-सातपूरच्या जुन्या कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी ती असते आणि लोक तिला फक्त दिवाळीच्या लाभांशापुरतं ओळखतात. व्याज पर्सनल लोनच्या जवळपास किंवा कमी, हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. सभासद नसाल तर सभासद झाल्यावर किती महिन्यांनी कर्ज मिळतं आणि जामीनदार किती लागतात ते विचारून घ्या. दोन सहकाऱ्यांना जामीन राहायला सांगायचं संकोचाचं वाटतं, पण त्या संकोचाची किंमत सध्या तुम्ही महिन्याला ५,७८२ रुपये मोजताय.

हे जमलं नाही तर पगार ज्या बँकेत येतो तिथं पर्सनल लोन. १,४०,००० ला १४ टक्क्यांनी १२ महिन्यांचा हप्ता साधारण १२,५७० येतो, तुमच्या १४,००० मध्ये बसतो. वर्षाचं व्याज १०,८५० च्या आसपास, २ टक्के फी जीएसटीसह ३,३०४. मिळून १४,१५० खर्च. तेच १४,००० दर महिन्याला कार्डांत भरत राहिलात तर १३ महिन्यांहून थोडं जास्त लागेल आणि व्याज-जीएसटीचे ४४,००० जातील. जवळपास ३०,००० चा फरक. मंजुरीच्या आधी बँकेकडून की फॅक्ट स्टेटमेंट मागा. त्यात फी धरून वर्षाचा एकूण दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. जबरदस्तीचा विमा जोडलाय का, तेही त्यातच दिसतं. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे विचारा.

सोनेतारण स्वस्त पडतं, पण मी त्याला शेवटी ठेवतो. हिशेबाला सोन्याच्या किमतीच्या पाऊणपट कर्ज धरा. म्हणजे १,४०,००० साठी साधारण १,८७,००० किमतीचं निव्वळ सोनं. खडे आणि घडणावळ मोजत नाहीत. वर्षाअखेर एकरकमी फेडायच्या योजनेत दर महिन्याला काहीच भरावं लागत नाही, त्यामुळे पैसे दुसरीकडे जातात आणि वर्षानं नोटीस येते. घ्यायचंच असेल तर मासिक हप्त्याचं घ्या. आणि दागिने पत्नीचे असतील तर निर्णय त्यांचा. त्यांना १,४०,००० चा आकडा माहीत नसेल तर तो आधी सांगा, तारण नंतर.

एवढं सगळं बघूनही ५०,००० चं बॅलन्स ट्रान्सफर करायचं ठरलं, तर ते असं करा.

अर्ज एकाच बँकेत करा. चार ठिकाणी अर्ज केले की सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये, चार चौकश्या दिसतात आणि पाचवा सावध होतो. त्याआधी स्वतःचा रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. एकाच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर बॅलन्स ट्रान्सफर होत नाही, हेही लक्षात असू द्या.

६० दिवस कोणत्या तारखेपासून मोजणार, मुदतीत पूर्ण न फेडल्यास व्याज फक्त उरलेल्या रकमेवर की मागच्या तारखेपासून, आणि एक हप्ता चुकला तर शून्य दर रद्द होतो का, ही तीन उत्तरं ईमेलवर घ्या. फोनवरच्या बोलण्याला नंतर किंमत राहत नाही.

पैसे जुन्या कार्डात एनईएफटीनं जातात. जुन्या कार्डाचा १६ अंकी नंबर दोनदा तपासा. एक आकडा चुकला तर रक्कम परत यायला दिवस जातात आणि इकडे व्याज चालूच राहतं. रक्कम जमा झाल्याचं दिसेपर्यंत जुन्या कार्डाचा मिनिमम भरत राहा. 'आता तिकडून जाणारच आहेत' म्हणून सोडून दिलं की लेट फी लागते.

जमा झाल्यावरही जुनं कार्ड संपलं असं समजू नका. व्याज दिवसावर चालतं. ५०,००० वर रोजचे साधारण ६९ रुपये. स्टेटमेंट १० तारखेचं आणि पैसे २८ ला पोचले, तर १८ दिवसांचे १,२०० च्या आसपास पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतात. ते भरले नाहीत तर त्यावर लेट फी, मग तिच्यावर जीएसटी. पर्सनल लोननं फेडताना हेच होतं, म्हणून पहिल्या महिन्यात दोन-तीन हजार बाजूला ठेवा आणि शून्य शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट येईपर्यंत बघत राहा.

नवीन कार्डावर एक रुपयाचीही खरेदी करू नका. भरलेली रक्कम आधी कशात वळती होते, याचा क्रम बँक ठरवते. खरेदी आणि ट्रान्सफर एकत्र आले की कशावर व्याज लागतंय ते कळत नाही.

कार्ड 'फिरवून' देणाऱ्यांकडे जाऊ नका. दुकानात खरेदी दाखवून स्वाइप करायचं, २-३ टक्के कापून रोख घ्यायची आणि जुनं बिल भरायचं, असा तो प्रकार. बँकेच्या अटींविरुद्ध आहे, कार्ड बंद होऊ शकतं आणि कर्ज एका रुपयानंही कमी होत नाही. नवीन कार्डानं एटीएममधून रोख काढणं त्याहून महाग, कारण फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून. फोनवर बॅलन्स ट्रान्सफर 'करून देतो' म्हणत ओटीपी मागणारा बँकेचा नसतो; पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. अर्ध्यात 'सेटलमेंट' करून देणाऱ्या एजंटालाही नाही म्हणा. रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लागलं की पुढं घरकर्जाला त्रास होतो, आणि १४,००० भरू शकणाऱ्या माणसाला त्याची गरजही नाही.

फेडून झाल्यावर जास्त वार्षिक फी असलेलं कार्ड बंद करा, जुनं आणि बिनफीचं ठेवा. थकबाकी शून्य असताना बंद करायचा अर्ज दिला की ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँक तुम्हाला देणं लागते. ठेवलेल्या कार्डाची बिलाची तारीख बदलून घ्या. तुमचा पगार ७ च्या आसपास होत असेल आणि बिल भरायची शेवटची तारीख २ असेल, तर दर महिन्याला उसनवारी होणारच. बिलिंग सायकल निदान एकदा बदलून देणं रिझर्व्ह बँकेनं कार्ड कंपन्यांना बंधनकारक केलंय. शेवटची तारीख १२ ते १५ च्या दरम्यान येईल अशी सायकल मागा आणि पूर्ण बिलाचं ऑटो डेबिट लावा, मिनिममचं लावू नका. बँकेनं यातलं काही ऐकलं नाही तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.