टी सेलचे जीन आणि प्रोटीन तपासून इम्युनोथेरपी कशी सुधारते? रक्ततपासणीत सेल किती ते कळतंच ना?

टी सेल म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि इम्युनोथेरपी म्हणजे शरीराची हीच ताकद कॅन्सरवर सोडायची. आकडा कळतो हो, पण त्या सेल दमल्यात की अजून लढतायत ते कळत नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे. मी अशाच एका लॅबमध्ये काम करतो म्हणून माझ्या परीने सांगतो.

इम्युनोथेरपीतला कार-टी हा प्रकार घ्या, पेशंटच्याच टी सेल काढायच्या, व्हायरस वापरून त्यात एक जीन घालायचा की मग त्या कॅन्सरच्या सेलवरचं सीडी१९ प्रोटीन ओळखतात, आणि परत शिरेतून सोडायच्या. आपल्याकडे आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ला २०२३ मध्ये परवानगी मिळाली ती हीच. पण काही पेशंटना गुण येतो, काहींना नाही, का?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ७८ वर्षांच्या एका आजोबांना ब्लड कॅन्सरसाठी हे दिलं. पहिल्या डोसने काही नाही, दुसऱ्यानंतरही सुरुवातीला काही नाही, आणि दोनेक महिन्यांनी अचानक कार-टी सेल भसाभस वाढल्या न कॅन्सर गेला. जीन तपासले तर त्यातल्या ९४ टक्के सेल एकाच सेलची पिल्लावळ! व्हायरस त्या सेलमध्ये नेमका टेट२ नावाच्या जीनमध्ये घुसून बसला होता, आणि त्या जीनची दुसरी कॉपी आजोबांची आधीच बिघडलेली. म्हणजे टेट२चं काम बिघडलं आणि ती सेल जोमाने वाढली. निव्वळ नशीब. २०१८ मध्ये हे छापून आलं आणि लोक टेट२च्या मागे लागले. (मुद्दाम बंद करणं मात्र जोखमीचं, टेट२ बिघडलेला ब्लड कॅन्सरमध्येही सापडतो.)

म्हणून एकेक सेल वेगळी वाचावी लागते, सगळ्यांचा एकत्र रस्सा केला की नासका बटाटा कुठला ते कसं कळणार. आणि नुसता जीन वाचूनही भागत नाही, आरएनए (प्रोटीन बनवायला जीनवरून निघालेली नक्कल) दिसतो पण कधी प्रोटीन सेलवर आलेलंच नसतं, आणि पीडी-१ (टी सेलवरचा ब्रेक) वरचं औषध तर प्रोटीनलाच चिकटतं. मग अँटीबॉडीला (ठरावीक प्रोटीनलाच चिकटणाऱ्या रेणूला) डीएनएचा बारकोड लावून आरएनए आणि प्रोटीन दोन्ही एकदम मोजतात.

हे सगळं सेल जिवंत असतील तर. परवा सॅम्पल ट्रॅफिकमध्ये अडकलं, ट्रायपॅन ब्लू घालून मायक्रोस्कोपखाली बघतो तर निम्म्या सेल निळ्या, म्हणजे मेलेल्या, दिवस वाया.

घरी कोणासाठी विचारत असाल तर या टेस्ट अजून बहुतेक रिसर्चपुरत्याच आहेत. डॉक्टरांना पीडी-एल१ (पीडी-१चा ब्रेक दाबणारं प्रोटीन) टेस्टबद्दल विचारा, काही कॅन्सरमध्ये ती बायॉप्सीच्याच तुकड्यावर होते.