माहितीचा ढीग आणि हप्त्याचा आकडा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : विमा कंपन्यांकडे आता कोट्यवधी नोंदी असतात. तरीही हप्ता ठरवताना चूक कशी होते?

उत्तर : नोंदी कोट्यवधी असल्या तरी दावे त्या मानाने थोडे असतात. वय, गाडीचे मॉडेल, परिसर, वर्षभरातले अंतर असे घटक एकावर एक लावत गेले, की एकेका गटात मूठभर दावे उरतात. समजा, एका गटात १२० दावे आहेत. ॲक्च्युअरींचा, म्हणजे विम्याची जोखीम गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञांचा, एक जुना नियम इथे आजही कामी येतो. दाव्यांची वारंवारता ९० टक्के खात्रीने आणि ५ टक्क्यांच्या फरकात पकडायची, तर साधारण १०८२ दावे हाताशी हवेत. १२० ला १०८२ ने भागून वर्गमूळ काढले, तर ०.३३ येते. म्हणजे त्या गटाच्या स्वतःच्या अनुभवाला एक तृतीयांश वजन द्यायचे आणि बाकीचे दोन तृतीयांश सगळ्या ग्राहकांच्या सरासरीला. गटात वर्षाला १०० गाड्यांमागे ९ दावे आणि एकूण सरासरी ६ असेल, तर धरायचा आकडा ७. थेट ९ धरून हप्ता लावणे म्हणजे योगायोगाचे पैसे ग्राहकाकडून घेणे.

बाकीच्या चुका रकान्यांत दडलेल्या असतात. वार्षिक अंतर ० किलोमीटर असे दिसले, की गाडी उभी होती असे नाही. बहुतेक वेळा ती माहिती कुणी भरलेलीच नसते. जन्मतारखांत १ जानेवारीची गर्दी दिसली, तर खरी तारीख माहीत नसताना ती टाकून दिल्याचा संशय घ्यावा. तीन महिनेच चाललेली पॉलिसी पूर्ण वर्षाची मोजली, तर दाव्यांचे प्रमाण खऱ्याच्या चौथ्या हिश्शावर येते.

सगळ्यांत फसवा असतो तो दाव्यानंतर भरला जाणारा रकाना. सर्व्हेअरचा, म्हणजे अपघातानंतर नुकसान तपासणाऱ्याचा, कोड घ्या. अपघात झाल्यावरच तो नोंदला जातो. तो मॉडेलला, म्हणजे जुन्या नोंदींवरून दाव्यांचा अंदाज बांधणाऱ्या गणिती साच्याला, दिला, तर मॉडेल जवळजवळ प्रत्येक दावा ‘ओळखते’ आणि सगळे खूश होतात. नव्या ग्राहकापुढे मात्र ते आंधळे ठरते, कारण त्याचा तो रकाना रिकामा असतो. म्हणून एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारावे लागते, ‘पॉलिसी दिली त्या दिवशी हे आपल्याला माहीत होते का?’ मॉडेलची परीक्षाही सरमिसळ केलेल्या नोंदींवर न घेता, जुन्या वर्षांवर घडवून त्यापुढच्या वर्षावर घ्यावी.

प्रश्न : लिंग, धर्म, वंश हे रकाने काढून टाकले, की हप्ता निःपक्षपाती झाला असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज जाणकारांतही दिसतो. रकाना काढला तरी त्याची सावली इतर रकान्यांत राहते. पत्ता, व्यवसाय, खरेदीच्या सवयी, कधीकधी नुसते नावसुद्धा तेच सांगून जाते. मॉडेलला हे जोडून घ्यायला वेळ लागत नाही.

तपासायची रीत अशी. आधी संवेदनशील रकान्याशिवाय मॉडेल बनवावे. मग तोच रकाना मुद्दाम आत घेऊन पुन्हा बनवावे आणि बाकीच्या घटकांचे गुणक, म्हणजे त्या घटकामुळे हप्ता किती पट होतो ते आकडे, शेजारी-शेजारी ठेवावेत. समजा, एका परिसराचा गुणक आधी १.२० होता आणि आता १.०४ झाला. म्हणजे ती २० टक्के वाढ बहुतांशी परिसराच्या जोखमीची नव्हतीच. तिथे कोण राहते, याची ती वाढ होती. असा घटक एक तर वगळावा, नाही तर त्याच्या जागी थेट जोखीम मोजणारा घटक आणावा, जसे की रात्री गाडी कुठे उभी असते. शेवटी प्रत्येक गटाचे प्रत्यक्ष दावे भागिले मॉडेलने अपेक्षिलेले दावे हे गुणोत्तर पाहावे. एखाद्या गटाचे ते सतत ०.८५ येत असेल, तर त्या लोकांकडून जास्त पैसे घेतले जात आहेत.

यातली अडचण लक्षात घ्या. भेदभाव तपासायला तीच संवेदनशील माहिती हाताशी असावी लागते. ती वेगळ्या जागी ठेवावी, फक्त तपासणाऱ्यांनाच उघडता यावी आणि हप्ता ठरवणाऱ्या यंत्रणेला तिचा स्पर्शही होऊ नये.

आकडेवारी खरी असली म्हणून ती वापरायची मुभा मिळते, असेही नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तिथे नव्या विमा करारांत स्त्री-पुरुषांना वेगळे हप्ते लावणे बंद झाले. वाहन अपघातांत आणि आयुर्मानात दोघांमधला फरक आकड्यांत दिसत होता, तरीही. कुठला फरक हप्त्यात यावा हे समाज ठरवतो. ॲक्च्युअरीने त्याचा परिणाम प्रामाणिकपणे मोजून दाखवावा.

प्रश्न : गाडी चालवण्याची पद्धत नोंदवणारे ॲप घेतल्यास सवलत मिळते. त्या नोंदी कितपत भरवशाच्या?

उत्तर : अचानक ब्रेक, वेग, रात्रीचा प्रवास, एकूण अंतर या गोष्टी जोखमीच्या खरोखर जवळच्या आहेत, आणि वय किंवा पत्त्यापेक्षा हे मोजमाप आम्हाला अधिक न्याय्य वाटते. पण फोन सहप्रवाशाच्या खिशात असतो, कधी मालक बसमध्ये असतो आणि ॲपला वाटते तोच चालवतोय. रात्रपाळीत काम करणाऱ्याला निवड नसते. त्याचा रात्रीचा प्रवास किती मोजायचा हा निर्णय माणसानेच घ्यावा. शिवाय ॲप आधी सावध चालकच घेतात, आणि नव्या ग्राहकांचे बरेच दावे अजून यायचे असतात. पहिल्याच वर्षाच्या आकड्यांवर मोठी सवलत जाहीर केली, तर दोन वर्षांनी ती मागे घ्यायची वेळ येते.

घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : ठिकाणाची नोंद किती काळ ठेवली जाते, दावा नाकारण्यासाठी ती वापरली जाते का, आणि चुकीची फेरी खोडता येते का.

प्रश्न : जोखीम तीच, दावा एकही नाही, तरी नूतनीकरणाला हप्ता वाढला. असे का?

उत्तर : एकूण खर्च वाढला, हे एक कारण असू शकते. दुसरे कारण जास्त खटकणारे आहे. तुम्ही कंपनी सोडून जाल की नाही, याचाही अंदाज माहितीवरून बांधता येतो, आणि न जाणाऱ्याला जास्त भाव लावता येतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून घर आणि वाहन विम्यात जुन्या ग्राहकाला तशाच नव्या ग्राहकापेक्षा जास्त भाव लावायला बंदी आहे. जबाबदार ॲक्च्युअरी जोखमीचे मॉडेल आणि ग्राहक टिकण्याचे मॉडेल वेगळे ठेवतो, आणि जोखमीचा हप्ता किती व त्यावर काय चढले हे अहवालात स्वतंत्र लिहितो. तुम्ही कंपनीला एवढेच विचारा : ‘मी आज नवा ग्राहक म्हणून आलो असतो, तर किती घेतले असते?’