जनित्र फिरवते कोण?

प्रश्न : मुळशीच्या पाण्यावर, चंद्रपूरच्या कोळशावर आणि तारापूरच्या अणूवर वीज तयार होते, असे नातवाच्या पुस्तकात वाचले. या तिन्हींतून वीज काढण्याची यंत्रे निरनिराळी असतात का? शिवाय आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल असूनही भर दुपारी वीज गेली की लिफ्ट बंद पडते, ती का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कोळशात किंवा पाण्यात वीज दडलेली नसते, तिथे असते ती फक्त यंत्र फिरवण्याची ताकद. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की तारेत वीजप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांच्या १८३१ सालच्या प्रयोगांतून निघालेले तत्त्व आपण विचारलेल्या तिन्ही ठिकाणी सारखेच लागू आहे. पुण्यात सायकलींचे राज्य होते, तेव्हा मागच्या चाकाला डायनॅमो टेकवताच दिवा लागे आणि त्याच क्षणी पायडल जड होई, हे आपल्याला आठवत असेल. वीज फुकट मिळत नाही, तिची किंमत पायांनी मोजावी लागते, हे त्या जडपणातून कळत असे. वीजकेंद्रातले जनित्र हा त्या डायनॅमोचाच अवाढव्य भाऊ असून प्रश्न उरतो तो पायडल कोणी मारायचे, एवढाच.

मुळशीत हे काम पाणी करते. मुळा नदीचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे भीमेला जायचे. धरणात अडवून ते पश्चिमेकडे वळवले जाते आणि सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातल्या भिरा येथील टर्बाइनवर, म्हणजे जनित्राला जोडलेल्या पात्यांच्या चाकावर, नळांतून सोडले जाते. चंद्रपूरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि तिच्या दाबाने टर्बाइन फिरते. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूरलाही वाफच लागते, फक्त पाणी उकळण्यासाठी युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे त्याचे अणू फुटताना निघणारी, उष्णता वापरतात. म्हणजे चूल तेवढी बदलली. वाफेच्या मार्गात नुकसान मोठे असते : कोळशावरच्या केंद्रात उष्णतेपैकी साधारण ३५ ते ४० टक्केच भाग विजेत उतरतो आणि उरलेल्यापैकी बरीच उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. मनोऱ्यावर दिसणारा पांढरा ढग धुराचा नसून बाष्पाचा असतो.

सौर पॅनेल मात्र या कुटुंबातले नव्हे. तिथे काहीच फिरत नाही. प्रकाशामुळे सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होऊन एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मिळतो, आणि इन्व्हर्टर त्याचे सेकंदाला ५० आवर्तनांच्या उलटसुलट प्रवाहात रूपांतर करतो. बॅटरी नसलेला नेहमीचा इन्व्हर्टर ही लय बाहेरच्या वाहिनीवरून घेतो. वाहिनी बंद पडली की तो स्वतःही बंद होतो, आणि हे मुद्दाम केलेले असते. नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसेल.