गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केल्याने सांधेदुखी बरी होते का? मुंबईजवळ कुठे जावं?

बरी होत नाही, पण आराम पडतो. उष्णतेने स्नायू सैल होतात, पाण्यात शरीराचं वजन गुडघ्यांवर कमी येतं. आई दरवेळी म्हणते, "आज जिना चढवला बघ." दोन दिवसांनी पुन्हा बाम.

मुंबईहून वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी सोयीचं. अकलोलीची कुंडं तानसा नदीच्या काठावरच आहेत. पहाटे जा, रविवारी दुपारी गेलात तर माणसंच जास्त, पाणी कमी! चांदीचे दागिने घरी ठेवा, आईची जोडवी गंधकाने काळी पडली होती. कोकणात जाणार असाल तर दापोलीकडचं उन्हवरे किंवा संगमेश्वरजवळचं तुरळ. उन्हवऱ्याला उगमापाशी पाणी 70 अंशांच्या आसपास असतं, तिथे थेट पाय घालू नका.

हा ज्वालामुखीचा प्रकार नाही, बरं का. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं.

दहा-पंधरा मिनिटं पुरे. हृदयविकार, गरोदरपण किंवा उघडी जखम असेल तर उतरू नका. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर अजिबातच नाही, भाजलेलं कळतसुद्धा नाही.