एका जनुकावर पोट भरतं का?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. लेक बारावी सायन्सला आहे. 'बॉम्बे ब्लड ग्रुप'बद्दल वाचल्यापासून तिला डॉक्टरकी नको, त्यामागच्या जनुकावर संशोधन करायचं आहे. वडील विचारतात, "एका जनुकावर पोट कसं भरणार?"

दादा, आधी तिला कशाची ओढ लागली आहे ते पाहा. लाल पेशींवरच्या प्रथिनांना आणि मेदांना शर्करेच्या साखळ्या असतात. एफयूटी१ हे जनुक जे एन्झाइम घडवतं, ते या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडतं. ही जोडणी झाली तरच ए आणि बी गटाची एन्झाइमं आपापली साखर पुढे चढवू शकतात. ती झालीच नाही, तर अंगात ए किंवा बीचं जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत रक्त 'ओ' दिसतं. हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. आणि अशा माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं, तर जिवावर बेततं! १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट जगापुढे आणला, तो आपल्या मुंबईतून.

पण तिने एकाच जनुकाला बांधून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. प्रथिनांवरच्या साखरांचं रसायनशास्त्र तिने शिकावं. एरिथ्रोपोएटिन या लाल पेशी वाढवणाऱ्या प्रथिन-औषधाच्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा साखरेचा असतो. अशा जैविक औषधांच्या कंपन्यांना या साखळ्या तपासणारी माणसं लागतात. म्हणजे पीएच.डी. झाली नाही, तरी एम.एस्सी.वर नोकरीची वाट राहते.

पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्याच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेत गणिताचेही प्रश्न असतात, हे बायोलॉजीवाली मुलं विसरतात. तिथे जमलं नाही, तर जवळच्या चांगल्या कॉलेजात केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करावं आणि मग एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा द्यावी. पुढे जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करतानाची शिष्यवृत्ती मिळाली, की सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्त आणि प्रतिकारशक्ती यांच्या शास्त्राची) राष्ट्रीय संस्था आहे. रक्तगटांवरचं काम तिथे चालतं.

वेळ मात्र लागेल. बारावीनंतर पीएच.डी.पर्यंत दहा वर्षं धरून चाला. तेवढा काळ तिच्या लग्नाची घाई करू नका, हे स्पष्टच लिहितो.

तिने गणित ठेवलं आहे की सोडलं, ते मला कळवा. सोडलं असेल तर बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्या दिवसापासून अकरावीचं गणित पुन्हा काढावं लागेल.