थांबलेल्या माणसाचं सामान

प्रिय मित्रा,

डोंगरातल्या सरोवरापर्यंत धावत जाऊन यायचा तुझा बेत कळला; नकाशा आणि सामानाची यादी, दोन्ही नीट पाहिली. मार्ग सुंदर निवडला आहेस: जाऊन-येऊन २८ किलोमीटर, एकूण १,६०० मीटर चढ, सरोवर ३,४०० मीटरवर. तुझ्या दमाबद्दल मला शंका नाही, वर्षभर चढावर घाम गाळला आहेस. मी अडलो ते यादीपाशी. पातळ टी-शर्ट, अर्धी चड्डी, पाण्याच्या दोन बाटल्या, धावताना खायच्या एनर्जी जेलची चार पाकिटं, मोबाइल. ही धावत्या माणसाची यादी झाली. डोंगरात ज्याच्यावर वेळ येते तो बहुतेकदा थांबलेला असतो. सामान त्याच्यासाठी भरायचं.

धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातली जवळपास तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून बर्फाच्या कडेनेही तुला एका शर्टावर उकडतं. आता घोटा मुरगळला असं समज. ती ऊब काही मिनिटांत संपते. शर्ट घामाने ओला, वारा मोकळा, आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरलेलं. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदम आला. २१ धावपटू थंडीने दगावले, आणि त्यांत देशातले अव्वल धावपटूही होते. वारा अडवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. एका मेंढपाळाने काही जणांना आपल्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली, आणि ते वाचले. ही घटना मी प्रत्येक नव्या धावपटूला सांगतो, कारण त्या दिवशी तिथे दमाची कमतरता कुणाकडेच नव्हती.

तेव्हा व्हेस्टमध्ये, म्हणजे धावताना अंगाला घट्ट बसणाऱ्या पाठपिशवीत, एवढं हवंच: टोपी असलेलं, शिवणी सील केलेलं पावसाचं जॅकेट. पूर्ण बाह्यांचा थर्मल, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. लांब पँट, कानटोपी, हातमोजे. हेडटॉर्च, परत दिवसाउजेडी यायचं ठरलं असलं तरी. शिट्टी. लागेल त्याहून चारशे-पाचशे कॅलरी जास्त खाणं. आणि चकाकत्या फॉइलची शिवलेली पिशवी, जिच्यात माणूस आत शिरू शकतो. नुसती फॉइलची चादर घेऊ नकोस, जोराच्या वाऱ्यात ती अंगाभोवती टिकत नाही. सगळं मिळून दीड किलोच्या आत बसतं.

एक बारीक गोष्ट. बोटं बधिर झाली की जॅकेटच्या चेनचं इवलंसं टोक चिमटीत येत नाही. जॅकेट अंगात आहे, चेन उघडी आहे आणि ती लावता येत नाही, अशी गत होते. प्रत्येक चेनला बोट अडकेल एवढा दोरीचा फास बांधून ठेव. जेलची पाकिटंही तशीच, दातांनी फाडता येतात का ते आधी बघ.

आणि यादी बरोबर आहे की नाही हे मला विचारू नकोस, स्वतः तपास. एखाद्या थंड, वाऱ्याच्या संध्याकाळी घराजवळच तासभर जोरात धाव. घामाने भिजल्यावर उघड्यावर एका जागी बस, व्हेस्टमधलं सगळं अंगावर चढव आणि अर्धा तास हलू नकोस. वीस मिनिटांत हुडहुडी भरली तर वर काय होईल ते तुला कळेल.

वेळेचा हिशेबही असाच, चालत्या माणसाचा कर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुझ्या मार्गाला सव्वाआठ तास होतात, तेही सुदृढ पायांनी आणि विश्रांती न धरता. तुझा अंदाज पाच तासांचा आहे आणि तो चुकीचा नाही. पण लंगडत यावं लागलं तर किती, याचं उत्तर निघण्याआधी तुझ्याकडे हवं. म्हणून पहाटे अंधारात निघ. आणि मागे फिरायची वेळ कागदावर लिहून ठेव. ती वेळ झाली की सरोवर दोनशे मीटरवर असलं तरी फिरायचं. मला माहीत आहे हे किती जिवावर येतं.

जिवावर का येतं, त्याचं कारण जमिनीतच आहे. अशी बरीच सरोवरं हिमगव्हरात असतात. हिमनदीने कड्याखाली खोल खळगा कोरला आणि पुढच्या तोंडाशी खडकाचा उंबरठा ठेवला, कुठे त्यावर हिमोढाचा, म्हणजे वाहून आणलेल्या दगडमातीचा, बांधही रचला. पाणी त्या उंबरठ्यामागे साठलं. त्यामुळे खालून सरोवर दिसतच नाही आणि सगळ्यात उभा चढ नेमका शेवटी येतो. अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वतात एन्चँटमेंट्स नावाचा सरोवरांचा प्रदेश आहे, तिथे कोलचक सरोवरापासून आसगार्ड खिंडीपर्यंत दीड किलोमीटरच्या आत सहाशे मीटरहून जास्त चढ आहे, तोही धोंडे आणि घसाऱ्यातून, म्हणजे पायाखाली सरकणाऱ्या सुट्या दगडांतून. नकाशावर समोच्च रेषा कुठे दाटतात ते पाहा. तिथे पळायचं नाही. हात मांडीवर टेकून, श्वास नाकातोंडातून सावकाश घेत चालायचं, आणि त्या टप्प्यासाठी पाय राखून ठेवायचे.

विरळ हवेचं थोडक्यात सांगतो. ३,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो, तेव्हा तुझा नेहमीचा वेग विसर, श्वासावरून चाल ठरव. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरपासून सुरू होऊ शकतो आणि लक्षणं बहुधा पोचल्यावर काही तासांनी उमटतात, म्हणजे खाली तळावर, रात्री. झोपायची उंची ३,००० मीटरच्या पुढे रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतर. फिटनेसमुळे यातून सुटका होत नाही. उलट चांगला धावपटू भराभर उंची गाठतो आणि अडकतो.

दुपार झाली की डोंगर बदलतो. उन्हाळ्यात ढग चढतात, गडगडाट सुरू होतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आली. सोंडेवरून, खिंडीतून, पाण्याकाठून तेव्हाच खाली सरकायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा बर्फ वितळल्याने दुपारी मांडीला लागतो. जाताना ओलांडलास म्हणून येताना ओलांडता येईलच असं नाही. ओलांडणारच असशील तर व्हेस्टचे पट्टे आधी सोड.

सरोवरावर पोचलास की पहिलं काम, जॅकेट घाल. फोटोच्या आधी. घाम आटायच्या आत. आणि तापल्या अंगाने उडी मारू नकोस. बर्फाच्या पाण्याचा धक्का बसला की पहिल्या मिनिटभरात श्वास आवरत नाही, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. पाय बुडवायचेच तर काठावर बसून बुडव, आणि अंगाला सनस्क्रीन फासलेलं असेल तर तेही नको. एवढ्या थंड, छोट्या पाण्यात जे मिसळतं ते सहज निघून जात नाही.

काठावरच्या हिरवळीबद्दल तर मी हट्टीच आहे. तिथल्या उशीसारख्या झुडपांना तळहाताएवढं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. चिखल आला तर चिखलातूनच जा, कडेने नवी वाट पाडू नकोस. वळणं तोडून उतरू नकोस. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, वीतभर खड्डा करून. रानबकऱ्यांच्या मुलखात लघवीही झाडोऱ्यावर नको, खडकावर कर. मिठासाठी त्या ती जागा खुरांनी उकरून काढतात.

उतारावर जीव ओवाळून टाकावा इतका आनंद आहे, आणि घोटे तिथेच मुरगळतात. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असताना ताण घेतो, त्याने तो आतून फाटत जातो आणि तास-दोन तासांनी पाऊल हवं तिथे पडत नाही. जाण्याआधीच्या महिन्यात दोन-तीनदा लांब उतार धावून घे, स्नायू त्या माराला सरावतात. घसाऱ्यावर छोटी, भराभर पावलं टाक.

मोबाइलला रेंज नसेल. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र उत्तम, पण भारतासह काही देशांत ते परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, तेव्हा आधी चौकशी कर. मदत मागायची शिट्टीची खूण पाठ कर: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. मिनिटात तीन आल्या तर कुणीतरी ऐकलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मला चार गोष्टी लिहून पाठव: कुठून सुरुवात, कुठली वाट, मागे फिरायची वेळ, खाली पोचायची वेळ. जॅकेटचा रंगही लिही. पोचलास की फोन कर. सांगितलेल्या वेळेनंतर दोन तास मी वाट पाहीन, त्यानंतर बचाव पथकाला कळवीन, मग तू नुसता रमतगमत उतरत असलास तरी चालेल.

तुझा,
दादा